मागून सुटलेली गाडी

आठवडाभर मी अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या ऑफिसात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करते आणि शनिवारी मातीच्या ट्रॅकवर मॉडिफाइड रेसिंग करते. उघड्या चाकांची, पत्रे ठोकून बांधलेली माझी गाडी नवऱ्याने आणि मी आमच्या गॅरेजमध्येच तयार केली. ओळखीच्या काकू विचारतात, "हे खूळ कधी सोडणार?" मी सांगते, "सोडणार नाही."

एका शनिवारी पात्रता फेरीत मागच्या गाडीने वळणावर मला धडक दिली. माझी गाडी कोलांट्या खात आडवी झाली. बेल्टमुळे वाचले, खांदा मात्र चांगलाच ठेचला. गाडी ओढून पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत आणली, तेव्हा धडक देणारा ड्रायव्हर तिथे आला. सॉरी म्हणायला नव्हे. म्हणाला, "हा खेळ तुझ्यासारखीचा नाही. घरी जा."

"मेन रेसला भेटू," मी म्हटलं.

नागपूरहून आलेली आई स्टँडमधून धावत आली. आता ही मला थांबवणार, असं वाटलं. तिने माझा खांदा चाचपला. "हात वर होतो का गं?"

"होतो."

"मग बस गाडीत. नाहीतर तो म्हणेल, घाबरली."

नवऱ्याने चाक बदललं, वाकलेला पत्रा हातोड्याने सरळ केला. पात्रता फेरी अर्धवट राहिल्यामुळे मेन रेसमध्ये मी सगळ्यांच्या मागून सुटले. स्टिअरिंग फिरवताना खांद्यातून कळा येत होत्या. शेवटच्या फेरीत त्या ड्रायव्हरला बाहेरच्या बाजूने गाठलं आणि जराही धक्का न लावता मागे टाकलं. नंबर आला नववा. आईने टाळ्या मात्र पहिल्या नंबरच्या वाजवल्या.