पाचवा ड्रोबेश

ओतिलिया ड्रोबेश एकाहत्तर वर्षांची झाली, तरी खोऱ्यात तिला ड्रोबेश म्हणून हाक मारणारा एकच, पोस्टमन. आणि त्याचाही नाइलाज होता. बाकी सगळ्यांना ती मातिचांची ओतिलिया. घर मातिचांचं, म्हणून त्यात राहील तो मातिच. इथे माणसाला नाव घर देतं, बाप देत नाही.

तिचे आजोबा पलीकडच्या डोंगरातून कोळसा पाडायला आले आणि या घरात घरजावई झाले. त्यांच्या वाडीत सात घरं, सातही ड्रोबेश. पहिल्या महायुद्धात तोफांनी वाडी पुसून टाकली. आजोबा मरेपर्यंत गावाला आपलं आडनाव सांगत राहिले आणि गाव त्यांना मातिच म्हणत राहिलं. हा अपमान ओतिलियाला घराच्याही आधी वारशाने मिळाला. आडनाव जाईल म्हणून तिने लग्नसुद्धा केलं नाही.

आणि यंदा, ऐन गवतकापणीत, तिचा भाचा ब्लाझ, मेलेल्या भावाचा एकुलता एक मुलगा, तिच्या स्वयंपाकघरात बटाटे आणि आंबट दूध खात म्हणाला, "आत्या, लग्नानंतर मी झुपान आडनाव लावणार. आलेन्काच्या वडिलांचा सुतारकारखाना त्याच नावाने चालतो."

"झुपान! दगड उचलावा तर खाली झुपान निघतो."

"तेच बरं. लोकांना दोनदा सांगावं लागत नाही."

आडनावांची सरकारी यादी तिला त्यानेच फोनवर दाखवली होती. देशात ड्रोबेश पाच. ती, तो, आणि मारिबोर शहरातली एक म्हातारी व तिची दोन मुलं. पाचाच्या खाली गेलेलं आडनाव यादीत दिसतच नाही.

"तू गेलास की चार," ती म्हणाली. "चार म्हणजे कुणीच नाही."

"मी मरत नाहीये गं, लग्न करतोय."

"घर हवंय ना? मग ड्रोबेश राहा."

"घर माझ्या बाबांचंही होतं."

"तुझा बाप ड्रोबेश म्हणून मेला."

"आणि थडग्यावर काय कोरलंय? मातिच. तू समोर उभी होतीस, आत्या. तोंडातून शब्द काढला नाहीस."

तिने त्याच्या पुढ्यातला वाडगा उचलला आणि उरलेलं दूध मोरीत ओतलं. तो उठला. दार त्याने आपटलं नाही, हेही तिला सहन झालं नाही.

त्याच आठवड्यात तिने मारिबोरला पत्र लिहिलं. यादी गेली खड्ड्यात. निदान घरात तरी ड्रोबेश राहील. म्हातारीचा मुलगा रोक दाताच्या कवळ्या बनवायचा, भाड्याच्या खोलीत राहायचा. रविवारी तो आला. गोरा, घामेजलेला, सगळ्यालाच 'वा' म्हणणारा. तिने त्याला माळा दाखवला, गोठा दाखवला, आजोबांची कोळशाची पाटी दाखवली. अंगणात आल्यावर कुंपणापलीकडून शेजारीण पावला दाताळ्यावर रेलून म्हणाली, "कोण गं हा?"

या प्रश्नाची ओतिलिया सत्तर वर्षं वाट पाहत होती.

"रोक ड्रोबेश. घर आता याचं."

पावलाने त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "असं होय! मग काय मातिच, गवत कापता येतं का? तुमचं खालचं कुरण वाळून चाललंय."

रोक मनापासून हसला. "शिकेन की, काकू. मातिच! ऐकायला किती छान वाटतं. आमच्या आडनावाला कुणी ओळखतच नाही."

ओतिलिया आत गेली. त्याची बॅग उचलून आणली आणि त्याच्या गाडीशेजारी मातीत टाकली.

"नीघ."

"मावशी, माझं काही चुकलं का?"

"मी तुझी मावशी नाही. नीघ म्हणते ना!"

गाडी वळणाआड गेली. तिने दाराला आतून कडी घातली.

"अगं मातिचांचे," पावला बाहेरून ओरडली, "काय झालं तरी काय? मातिचांचे!"