निळी पेटी

तेओफिलेच्या अंगणात कुंपणाच्या कडेने मधपेट्या मांडलेल्या होत्या. त्यांतली शेवटची, निळी पेटी रिकामी होती. रिकामी म्हणजे माश्यांपुरती. आत कापडात गुंडाळलेला मिस्सेच्या उपासनेतला प्याला होता आणि पाद्रीबाबांचा पांढरा झगा. लिथुआनियातले मठ सोव्हिएत सरकारने बंद करून सिस्टरांना रस्त्यावर काढलं, तेव्हा तेओफिले ही सामग्री घेऊन आमच्या गावी, बापाच्या मोकळ्या घरी परतली. सोबत म्हातारी मदर अपोलोनिया होती, गावाला सांगायला मावशी. दिवसा तेओफिले सामुदायिक शेतावर वासरं सांभाळी. व्रत मात्र तिने सोडलं नव्हतं. कधीमधी चोरून एखादा पाद्री आला की मावशीच्या खोलीत मिस्सा होई.

पेटीचं गुपित तिने ओढ्यापलीकडच्या झेनोनासला तेवढं सांगितलं होतं, कारण तो तिचा मोहोळभाऊ. हे नातं आमच्याकडे माणसं जुळवत नाहीत. तिच्या पेटीतून एकदा थवा उठला आणि ओढा ओलांडून झेनोनासच्या लिंडेनच्या झाडावर जाऊन बसला, एवढंच झालं होतं. पण माश्या आम्ही विकत देत नाही आणि विकत घेत नाही. थवा ज्याच्या दारी गेला तो सोयरा झाला. मध दोन्ही घरांनी वाटून खायचा, आपसात त्याचे पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. त्या घरांत कपट शिरलं तर माश्या मरतात, असं मानतात. सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांची डोकी फोडतील, पण मोहोळभावाशी कुणी वाकडं वागत नाही.

"अगं ताई, या पेटीच्या दारात एक माशी दिसत नाही. आंधळासुद्धा ओळखेल," झेनोनास तिला म्हणाला होता. "रोज सकाळी फटीला थोडा मध चोपड. गावभरच्या फुकट्या माश्या गोळा होतील."

"म्हणजे मी गावजेवण घालू?"

"घाल की! सिस्टर ना तू? तेवढंच पुण्य."

युक्ती लागू पडली. निळ्या पेटीपाशी सगळ्यांत जास्त घोंघाट होऊ लागला. टपालवाला तर लांबूनच वळसा घालून जाई, आणि हे दोघं हसून बेजार होत.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी झेनोनास नेहमीसारखा येऊन बाकावर बसला. तेओफिलेने काकडी उभी चिरली, ताजा मध लावला, अर्धी त्याला दिली. त्याने ती बराच वेळ हातातच धरली.

"दात दुखतोय की बायको बोलली?"

"बायकोच," तो म्हणाला, आणि काकडी संपवून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरक्षा खात्याची माणसं आली. ती घरात शिरलीच नाहीत. बाकीच्या पेट्यांपासून अंग चोरत, टोप्या हलवून माश्या हाकलत ती कुंपणाच्या टोकाला गेली. निळ्या पेटीच्या फटीवर नेहमीसारखी झुंबड होती. एका तरुण अधिकाऱ्याने सरळ पुढे होऊन झाकण उचललं. ना जाळी, ना धूर, ना हातमोजे. प्याला बाहेर निघाला तिकडे तेओफिलेचं लक्षच नव्हतं. ती त्या पोराच्या उघड्या हातांकडे बघत राहिली.

दोघींनाही पकडून कैद्यांच्या छावणीत धाडलं. तिथे तेओफिलेला काम मिळालं ते हातमोजे शिवण्याचं. नशिबालाही भलतीच थट्टा सुचते. शिवता शिवता ती झेनोनाससाठी सबबी शोधत बसे. तो अधिकारी प्यालेला असेल. नाहीतर मूर्ख असेल. नाहीतर त्याचा बापच मधमाश्या पाळणारा असेल. मदर अपोलोनिया पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बराकीत वारली. त्यानंतर सबब शोधणं जड जाऊ लागलं, तरी तेओफिलेने ते सोडलं नाही. झेनोनासही परका ठरला तर गावात परतायचं कुणासाठी?

स्तालिन मेला, छावण्या उघडल्या, ती घरी आली. पेट्या नव्याने रंगवलेल्या होत्या आणि माश्या धष्टपुष्ट होत्या. संध्याकाळी झेनोनास आला. एका हातात मधाची बरणी, दुसऱ्यात काकड्या.

"आलीस! किती वाळलीस गं ताई. बघ, तुझं एकही मोहोळ मरू दिलं नाही. तुझा वाटा दरवर्षी बाजूला काढलाय मी."

तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, असं तिने वाटेतच ठरवलं होतं. खोटं सांगितलं तरीसुद्धा.

"झेनोनास, त्या पोराने हातमोजे का नव्हते घातले रे?"

मला काय ठाऊक, एवढं त्याने म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तो बाकावर बसला आणि त्याने टोपी काढली.

"घरादारासकट सायबेरियाला धाडणार होते आम्हाला. पोरगी तान्ही होती."

"कधी म्हणाले तसं?"

"आठवडाभर आधी."

"आणि आदल्या संध्याकाळी इथे बसून माझ्या हातची काकडी खाल्लीस."

"मदरच्या जिवावर बेतेल असं वाटलं नव्हतं गं..."

"मला सांगायचंस!" तेओफिले ओरडली. या बाईचा आवाज चढलेला गावाने कधी ऐकला नव्हता. "यायचंस आणि म्हणायचंस, ताई, माझ्या मानेवर सुरी ठेवलीय. मी प्याला हलवला असता, मदरला हलवलं असतं आणि वर तुला म्हटलं असतं, जा, खुशाल दाखव त्यांना पेटी. तुझी पोरगी वाचली असती, माझी म्हातारीही वाचली असती. ओढाच तर ओलांडायचा होता तुला!"

झेनोनास रडू लागला. "माफ कर. सिस्टर आहेस तू."

"केलं माफ. रोज प्रार्थनेत करत आले, आजही करीन. ते माझं व्रत आहे, त्याच्याशी तुझा काही संबंध नाही."

ती घरात गेली. काकडी चिरायची सुरी आणायला गेली असेल, असं त्याला वाटलं. त्याने डोळे पुसून काकड्या नीट मांडल्या. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रुमालाची गाठ होती. बाकाशी उभी राहून ती गाठ सोडू लागली.

"मधाचा काय भाव?"

"काय?"

"बाजारात काय भावाने जातो हल्ली?"

त्याने बरणी दोन्ही हातांनी धरली. "ताई, शिव्या दे, मार मला. पण हे नको."

तेओफिलेने रुमाल बाकावर पसरला.

"भाव सांगा," ती म्हणाली.