कूलरची पाठ

फोटो पाहून तुम्ही विचारलंत, आपल्या जुन्या कूलरच्या पाठीवर निळे-केशरी पट्टे कशाला? ऐका.

तुमच्या आबांचा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे कूलर बनवायचा छोटा कारखाना होता. कूलर करडे, चौकोनी आणि हवा अशी, की समोरच्या बाईचा पदर उडावा. वस्तू चांगली असली की ती आपोआप विकली जाते, यावर आबांची श्रद्धा होती.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. लग्नं आटोपशीर होऊ लागली, तरी आंदणात कूलर हवाच. पण दुकानांत टीव्हीसारखे दिसणारे प्लास्टिकचे कूलर आले होते. आमच्याकडचं गिऱ्हाईक एक फेरी मारून म्हणे, "हवा चांगली हाये, पण याले शो नाई."

'शो' हा शब्द आबांना डासासारखा चावायचा. पण लग्नसराईत माल हलला नाही तर कारखान्याला कुलूप लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी त्यांनी कूलरच्या तोंडावर चकचकीत पट्टी बसवली आणि एक जास्तीचं बटण. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"हे काय करतं?" मी विचारलं.

"शो करतं."

अमेरिकेत म्हणे मोटारींना उडता न येणारे पंख लावत. कॉलेजात असताना मी वाचलं होतं. आमच्याकडे ते बटण होऊन आले.

तरी माल हलेना. मग एक दिवस मारेगावकडच्या बंजारा तांड्यावरची एक बाई लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन आली. बाईने कूलरसमोर उभं राहून डोळेच मिटले. "हाच घेऊ. हवा पाय किती!"

लेक मात्र कूलरच्या मागे. "याडी, तोंड तं घरात राहीन. खिडकीतून गल्लीले दिसन ते याची पाठ. अन् पाठ पाय, म्हशीसारखी!"

"पाठ कोन पायते वं?" आई म्हणाली.

"मंग तुह्या ओढणीले मांगून आरसे कायले लावले? तुले तं दिसत नाई."

मला हसू आवरेना.

"मागे जाळी आहे, हवा तिथूनच आत येते," आबा म्हणाले. "तिथे आरसे लावले तर कूलर गुदमरेल."

"आरसे नोका लावू ना भाऊ. रंग तं द्या."

जाळीच्या पट्ट्या एकाआड एक निळ्या आणि केशरी करायचं मी सुचवलं. हवेची वाट तशीच मोकळी. रंग वाळल्यावर पोरीने पाहिलं आणि मान डोलावली. "आता हाये शो."

लग्नाला आम्हीही गेलो. मांडवात आंदण मांडलेलं, आणि त्यात आमचा कूलर पाहुण्यांकडे पाठ करून उभा! पट्टी, बटण सगळं कनातीकडे. आबा खुर्चीत चुळबुळत राहिले. पण त्याच आठवड्यात तिथले पाहुणे 'पट्ट्याचा कूलर' विचारत लोहाऱ्याला आले, आणि येतच राहिले. कुलूप लावायची वेळ आली नाही. खोटं बटण आबांनी आनंदाने काढून टाकलं.

घरचा कूलर मात्र त्यांनी हट्टाने करडाच ठेवला. मग एका रविवारी मी गल्लीत जाऊन पाहते, तर हे ब्रश घेऊन उभे.

"का हो, हवा वाढली का?"

"हवा राहू दे," ते मागे सरकत म्हणाले. "चौकातून दिसतो का, तेवढं बघून ये."