तीन घंटांची लिफ्ट

तिसरी घंटा झाली की नाटकाचा पडदा वर जातो. या सरकारी इस्पितळात तिसरी घंटा झाली की लोखंडी जाळी खडखडत बाजूला सरते, आणि प्रवेश होतो लिफ्टवाल्या काकांचा! अंगात खाकी सदरा, शेवटचं बटण तुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. चेहरा मात्र राजाचा.

इस्पितळ सहामजली आणि चालू लिफ्ट एकच. दुसरी कायम दुरुस्तीला. म्हणून काकांनी तरुणपणीच साऱ्या वॉर्डांना शिस्त लावली होती. एक घंटा म्हणजे माणूस, दोन म्हणजे जेवणाची गाडी, तीन म्हणजे स्ट्रेचर. तीन वाजल्या की आतल्यांनी निमूट उतरायचं. मग तो डॉक्टर असो नाहीतर डॉक्टरचा सासरा.

"या खोक्यात माझा शब्द चालतो," काका घरी फुशारकी मारत.

"जन्मभर वरखाली केलंत," काकू म्हणत, "आणि पोचलात कुठंच नाहीत!"

त्या सकाळी नवं क्ष-किरण यंत्र सुरू करायला बडे पाहुणे आले. अधीक्षकांनी काकांना बजावलं, "मध्ये कुठंही थांबायचं नाही. थेट सहावा मजला."

"आणि तीन वाजल्या तर?"

"आज नाही वाजणार."

वाजल्या. पाहुणे, अधीक्षक, कॅमेरावाला, भलामोठा पुष्पगुच्छ असं सगळं आत कोंबलेलं असताना तिसऱ्या मजल्यावरून वाजल्या. तिसरा मजला बाळंतिणींचा, शस्त्रक्रियेची खोली पाचव्यावर.

"थांबवाल तर याद राखा!" अधीक्षक दातओठ खात पुटपुटले.

काकांचा हात लिफ्ट चालवायच्या पितळी मुठीवर होता. डोळ्यांपुढं नोकरी आली, काकू आल्या. मग त्यांनी मूठ मागं ओढली.

जाळी सरली. स्ट्रेचरवर नुकतीच बाळंत झालेली पोर, ओठ पांढरेफटक, चादर रक्तानं भिजलेली. नर्सच्या जोडीनं तिची सासू स्ट्रेचर ढकलत होती. एका पायात चप्पल, दुसरी मागं कुठंतरी.

"उतरा," काका म्हणाले.

"अहो, हे कोण आहेत कळतंय का?" अधीक्षक ओरडले.

"कळतंय की. धडधाकट आहेत. जिना डावीकडं."

आधी पाहुणेच उतरले, मग बाकीचे. पुष्पगुच्छ जाळीत अडकला, तो सासूबाईंनी हिसडा मारून बाहेर भिरकावला. लिफ्ट वर गेली.

दुपारी पाचव्यावरून निरोप आला: रक्त थांबलं, पोर वाचली. काकांनी डोळे पुसले न पुसले तोच अधीक्षकांचं बोलावणं.

"पाहुण्यांना तीन मजले चढायला लावलंत! धापेनं तोंडातून शब्द फुटेना त्यांच्या."

"फीत कापायला कात्री लागते, साहेब. शब्द कशाला?"

"माफी मागा! नाहीतर उद्यापासून लिफ्ट विसरा. शवागाराच्या दारावर बसवीन."

काकांनी लिफ्टमधून उपसून आणलेली पितळी मूठ खिशातून काढली, सदऱ्याला पुसून लखलखीत केली आणि टेबलावर ठेवली.

"बसेन की. तिथंही स्ट्रेचरच आधी आत जातं."