किना कुणाच्या मागे बसते

विल्मार बोटीवर इंजिनखोलीत तेलपाणी बघायचा. वर्षातले दहा महिने समुद्रावर, दोन महिने किनाऱ्यावरच्या मियागाओ गावात, घरी. या खेपेला उतरताना त्याच्या डोक्यात एकच बेत होता. सात वर्षांच्या किनाला मोटरसायकलवर मागे बसवायचं आणि बुकारीच्या डोंगरात, पाइनच्या झाडांखाली तंबू ठोकून एक रात्र राहायचं. बोटीवरून फोन लागला की बापलेकीचं बोलणं तंबूवर यायचंच. आत उभं राहता येईल का, खाली मुंग्या शिरतील का, अस्वलं असतात का. अस्वलं नसतात हे कळल्यावर किना जरा हिरमुसली होती.

तंबू त्याने सिंगापूरला घेतला. लहान मुलांना गाडीवर बांधून घ्यायचा पट्टाही घेतला, चांगला रुंद, बकलचा. घरी आल्यावर एका सकाळी त्याने सगळं सामान ओट्यावर मांडलं आणि किनाला हाक मारली.

"हा कशाला?" किनाने पट्टा दोन बोटांनी उचलला.

"मागे पेंगलीस तर पडू नयेस म्हणून."

"तितो मला लोलाच्या जुन्या लुंगीने बांधतो. पोटावर गाठ मारतो."

"हा लुंगीपेक्षा चांगला आहे."

"पण तितो असा नाही बांधत."

तितो म्हणजे तिचा काका, विल्मारचा धाकटा भाऊ एर्विन. तो मागच्या खोलीत आईबरोबर, म्हणजे किनाच्या आजीबरोबर, लोलाबरोबर राहायचा. बाजाराजवळ त्याचं पंक्चरचं दुकान होतं. लग्नाचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. मोटरसायकल विल्मारच्या पगारातून आलेली, पण दहा महिने ती एर्विनच्या हाताखाली असायची आणि तिच्यावरून किनाची शाळा, किनाचा दवाखाना, किनाचा रविवारचा बर्फाचा गोळा, सगळं व्हायचं. हे विल्मारला माहीत होतं. फोनवर ऐकून तो भावाला दुवाच द्यायचा. डोळ्यांनी बघणं वेगळं होतं.

संध्याकाळी एर्विन आणि किना परत येताना विल्मारने फाटकातून पाहिलं. किनाचा गाल एर्विनच्या पाठीला चिकटलेला, डोळे मिटलेले, दोन्ही हात त्याच्या पोटाशी.

"तितो गाणं म्हणतो ना, ते पाठीतून ऐकू येतं," उतरल्यावर तिने बापाला सांगितलं. मोठं गुपित सांगावं तसं.

विल्मार एर्विनकडे न बघताच आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने सराव म्हणून किनाला समुद्राकडच्या रस्त्याने नेलं. दहा महिने त्याच्या पायाखाली नुसतं बोटीचं हलणारं लोखंड होतं, रस्त्याची सवय मोडली होती. वळणावर गाडी हिसकली, ब्रेक जोरात लागला. किनाने त्याच्या कमरेवरचे हात काढून मागची सळई धरली. घरी येईपर्यंत तिने ती सोडली नाही.

त्याच रात्री जेवताना विल्मार भावाला म्हणाला, "गाडीची किल्ली माझ्याकडे दे. मी आहे तोवर तुला लागणार नाही."

एर्विनने खिशातून किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली. "घे की, मनोंग. तुझीच आहे." थोरल्या भावाला तो मनोंगच म्हणायचा. मग त्याने भातावर माशाचं कालवण ओतून घेतलं.

मेरिसेल, विल्मारची बायको, भांडी आवरताना नवऱ्याला म्हणाली, "तो दुकानात चालत जाणार का आता?"

"भाड्याच्या जीपगाड्या आहेत की."

"आणि शाळेत कोण सोडणार?"

"मी. बाप आहे मी तिचा."

"शाळेत सोडणं म्हणजे काय बक्षीस आहे का, भांडून मिळवायला? आणि बाप आहेस हे कुणाला सांगतोयस, मला?"

सकाळी विल्मारनेच किनाला शाळेत सोडलं. फाटकापाशी एका बाईने विचारलं, "आज एर्विन नाही का आला? तुम्ही कोण?" दिवसभर तो प्रश्न त्याच्या कानात वाजत राहिला.

बेत मात्र पुढे सरकत होता. चूल आली, तांदूळ आले, सुकी मासळी आली. किनाने स्वतःची पिशवी भरली, त्यात दोन बाहुल्या आणि एक विजेरी. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "पापा, तितोला पण नेऊ."

"तो नाही येत."

"का?"

"त्याला विचारलं मी. नको म्हणाला."

त्याने विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि मागे घ्यावं असं त्याला वाटलंही नाही. किना चपला न घालताच मागच्या खोलीकडे पळाली. विल्मार तंबूच्या दोऱ्यांच्या गाठी सोडत बसला, कान मागच्या खोलीकडे. आता एर्विन म्हणेल, मला कुणी विचारलंच नाही.

ती परत आली. "खरंच नको म्हणाला. तितो म्हणतो, तिथे फार गारठा असतो, त्याचे कान दुखतात."

सुटलो असं वाटायला हवं होतं. उलट विल्मार आणखी पेटला. आपलं खोटं सावरून घेणंसुद्धा यालाच जमावं? तो तडक मागे गेला. एर्विन एक जुनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"तू खोटं कशाला बोललास?"

"मग काय सांगू तिला? तुझा बाप थापा मारतो म्हणून?"

"मोठा साधू लागून गेलास."

एर्विनने ट्यूब बाजूला टाकली. "साधू? मनोंग, गेल्या पावसात किनाला ताप होता. मी आणि मेरिसेल आळीपाळीने उशाशी. बरी झाली तेव्हा उठून पहिलं काय म्हणाली? पापाला फोन लावा. तू येणार असलास की महिनाभर आधीपासून माझ्याकडे बघतसुद्धा नाही ती. पापा हे आणणार, पापा ते आणणार. तू उतरतोस, भेटवस्तूंचा खोका उघडतोस, आणि ती त्याच्याभोवती नाचते. मी मागच्या दाराने दुकानात जातो." त्याने ओले हात पँटला पुसले. "मलाही दिसतं ते सगळं."

खरं सांगायचं तर विल्मारला बरं वाटलं. भावाच्या तोंडून ते ऐकताना अंगभर ऊब आली, आणि त्या उबेची लगेच लाजही वाटली.

"ये ना तू पण," तो अखेर म्हणाला, पण फार उशिरा आणि फार हळू.

"नको. तुमचं दोघांचं ठरलंय." एर्विनने ट्यूब पुन्हा पाण्यात घातली. "लिओन गावाच्या पुढे चढ लागला की पहिल्या गिअरवर घे. आणि तिच्याशी बोलत राहा, म्हणजे पेंगत नाही."

पहाटे दोघं निघाले. किनाने पट्टा बांधून घेतला, कुरकुरत. तिगबाउआन गावापर्यंत तिचे हात सळईवर होते. लिओनचा बाजार मागे पडला, चढ सुरू झाला, आणि विल्मार बोलू लागला. बोटीवरचं इंजिन केवढं असतं, त्याच्या आवाजात हाक कशी ऐकू येत नाही, मग माणसं खुणांनी कशी बोलतात.

"तुझ्या मागे कोण बसतं बोटीवर?" किनाने विचारलं.

"कुणी नाही."

पुढच्या एका वळणावर तिने त्याचा शर्ट धरला. कमर नाही, शर्टच, मूठभर. विल्मारने वेग आणखी कमी केला.

वर खरंच गारठा होता. तंबू वाकडा उभा राहिला. चुलीवरचा भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. किनाने सुक्या मासळीबरोबर तो खाल्ला आणि सांगत बसली, तितो भात कसा करतो, तितोने एकदा कुत्र्याला कसं पळवलं, शाळेच्या नाचात ती पडली तेव्हा तितो कसा स्टेजवर धावत गेला. प्रत्येक गोष्टीत एर्विन होता. प्रत्येक वेळी विल्मारला बारीकसं टोचत होतं. पण त्या गोष्टींत किनाही होती, तो नसतानाची किना, आणि ती दुसऱ्या कुणाकडून कळणार नव्हती.

"मग? पुढे काय झालं?" तो विचारत राहिला.

"पुढच्या वेळी तिघं येऊ," ती म्हणाली.

"एका गाडीवर?"

"तितो दुसरी आणेल. मी जाताना त्याच्या मागे आणि येताना तुझ्या मागे."

"येताना का? जाताना का नाही?"

किनाने बापाकडे पाहिलं, लहान मुलाकडे बघावं तसं. "पापा," ती म्हणाली, "भात वाढ अजून."

विल्मारने करपलेला भाग आपल्याकडे ओढला आणि मधला, शिजलेला तिच्या ताटलीत घातला.