दुसऱ्याच कुणाच्या आईचं नाव

“मेलेल्या माणसांना आपली अक्षरं वाचता येत नाहीत,” असं प्यो सांगमुक एकदा म्हणाला होता.

ओकबुनला म्हणाला होता. सासू गेल्यानंतरचा तिचा तो पहिलाच शरदातला सण होता. पूजेच्या मेजावर सासूच्या नावाचा कागद लावायचा, तर तो चिनी अक्षरांऐवजी आपल्या रोजच्या अक्षरांत मीच पेन्सिलीने लिहिते, असं ती सहज बोलून गेली. नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने मेजावर चपला ठेवल्या. मग सांगमुकने ते वाक्य उच्चारलं, सावकाश, शाई घोटता घोटता. घरातली सगळी माणसं माना डोलावू लागली. ओकबुन चुलीकडे गेली. वाक्य चांगलं होतं. सांगमुकलाही ते आवडलं होतं, आणि नंतर कित्येक वर्षं ते आठवलं की त्याच्या कानशिलांत ऊन चढत असे.

बामगोल गावात लोक त्याला गुरुजी म्हणत. गुरुजी तो नव्हता. गुरुजी होते त्याचे आजोबा. त्यांच्या ओसरीवर गावातली मुलं डुलत डुलत चिनी अक्षरं घोकत. सांगमुक सहाव्या वर्षी त्या रांगेत बसला आणि नवव्या वर्षी आजोबांचं अर्धं अंग लुळं पडलं. पुढे जपान्यांच्या शाळेत गेला, तर तिथे तीच अक्षरं वेगळ्याच आवाजात म्हणायची. घरी जे ‘आकाश’ होतं, ते शाळेत वेगळ्या नावाने हाक मारलं तरच ओ देई. चार वर्षांत दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि एकही धड राहिला नाही. मग त्याने अक्षरं सोडली आणि छपरं शाकारायला लागला. पेंढ्याचा दोर वळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

युद्ध संपलं तेव्हा गावात लिहिणारं कुणी उरलं नव्हतं. लोक त्याच्याकडे आले, कारण आजोबांची कुंचल्यांची पेटी त्याच्याकडे होती. पेटीत नमुन्यांचं एक पुस्तकही होतं. त्यात पाहून त्याने पहिला कागद लिहिला. तो एका पुरुषाचा होता. पुरुषांचं सोपं असतं. ज्याने कधी सरकारी हुद्दा पाहिला नाही, असा प्रत्येक बाप मेल्यावर ‘विद्यार्थी’ होतो. ज्याने जन्मभर बैल हाकले तोही विद्यार्थी, ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं तोही विद्यार्थी. आठ अक्षरं, सगळ्यांना तीच. नावगाव काही लागत नाही.

बायकांच्या कागदावर मात्र माहेर लिहावं लागतं. कुठल्या गावचं, कुठलं घराणं. सासरी आयुष्य काढलेली बाई मेल्यावर माहेरच्या नावाने ओळखली जाते आणि त्याच नावाने जेवायला येते.

ओकबुनच्या सासूचं माहेर योहुंगचं मिन घराणं. तिचा मुलगा, ओकबुनचा नवरा ब्योन छांगसिक, ते मोठ्या अभिमानाने बोलला. सांगमुकने मान डोलावली आणि कुंचला शाईत बुडवला. योहुंगमधलं पहिलंच अक्षर त्याला येत नव्हतं. त्याची आकृतीसुद्धा डोळ्यांपुढे येईना. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ‘कचेरीतला कुटुंबाच्या नोंदीचा कागद आण रे,’ एवढंच. त्यावर सगळं लिहिलेलं असतं. पण ज्याला अक्षर येतं तो कागद मागत नाही. खोलीत सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. पुस्तकात नमुन्यादाखल गिमहेचं किम घराणं लिहिलेलं होतं. त्याने ते उतरवलं. पुढच्या वेळी बघू, असं मनाशी म्हणाला.

कुणालाच वाचता आलं नाही. सकाळी सगळे त्या कागदापुढे वाकले आणि रिवाजाप्रमाणे तो अंगणात जाळला. राखेत काहीच उरलं नाही. म्हणूनच पुढच्या वेळी त्याने पुन्हा तेच लिहिलं.

दुसऱ्या घरातही तेच झालं. तिसऱ्यातही. किम, ली, पाक ही त्याला येणारी माहेरं होती. ज्या बाईचं माहेर अवघड, ती त्याच्या हातून गिमहेची किम होऊन जाई. एकदा तो तालुक्याच्या जुन्या पाठशाळेपर्यंत गेला, विचारून घ्यावं म्हणून. फाटकातून आत पाहिलं. घोड्याच्या केसांच्या टोप्या घातलेले म्हातारे उन्हात बसले होते. तो बाजारात गेला, मीठ घेतलं आणि परत आला.

मग सरकारने गावातली पेंढ्याची छपरं काढून पत्रे घातले. दोर वळायचं काम संपलं. ‘गुरुजी’ एवढंच उरलं.

चौऱ्याहत्तर सालच्या सणाला सकाळीच छांगसिक त्याच्या अंगणात आला. धापा टाकत होता. “गुरुजी, जरा चला. मामा पूजा होऊ देत नाही.”

“कोण मामा?”

“आईचा धाकटा भाऊ हो. देगूला पितळी भांड्यांचं दुकान होतं ना, ते विकून आमच्याकडे राहायला आलाय. म्हणतो, कागद चुकलाय. म्हातारपण आहे, दुसरं काय. तुम्ही सांगितलंत की ऐकेल.”

रस्त्यात सांगमुकला एकदा वाटलं, पोटात कळ आली म्हणावं आणि मागे फिरावं. पण छांगसिक त्याच्या पुढे असा चालत होता, की जणू वैद्याला घेऊन निघालाय.

मेज मांडलेलं होतं. नव्या तांदळाचा भात, अरवीचं सार, पाइनच्या पानांवर वाफवलेले तांदळाच्या पिठाचे अर्धचंद्र, सुकवलेला मासा. वाफ निघून गेली होती. मिन दालग्यू कागदासमोर मांडी घालून बसला होता. चौऱ्याहत्तरीचा हडकुळा माणूस, बोटं भांडी घासून घासून पिवळी पडलेली. सांगमुक आत येताच तो उठून उभा राहिला आणि वाकला.

“माफ करा, गुरुजी. सणाच्या दिवशी ओढत आणलं तुम्हाला. मी अडाणी माणूस. मला चारच अक्षरं येतात. आमच्या वडिलांच्या थडग्याच्या दगडावर आहेत. लहानपणी दर वर्षी त्यांतलं शेवाळ बांबूच्या काडीने मीच काढायचो. डोळ्यांनी नाही येत मला ती, बोटांनी येतात. ती इथे नाहीत.”

“मामा, पुरे की आता,” छांगसिक म्हणाला. “भात गार झाला.”

“गार भात खाल्लाय तुझ्या आईने पुष्कळ.”

सांगमुकने चष्मा लावला. कागद त्याने कालच लिहिला होता, तरी तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “जुनी चाल आहे. मान म्हणून मोठ्या घराण्याचं नाव घालतात. सगळ्यांना नसतं माहीत.”

“ऐकलंत?” छांगसिकने सुस्कारा टाकला. “मी म्हटलं नव्हतं?”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. तो आपल्या बोटांकडे बघू लागला, जणू तीच खोटं बोलली होती. “असेल बाबा, असेल,” तो पुटपुटला. “भांडी विकणाऱ्याने अक्षरांत कशाला तोंड घालायचं? चुकलो, गुरुजी. राग मानू नका.” आणि त्याने पेला भरला, दोन्ही हातांनी धरून सांगमुकपुढे केला. आपल्याहून तेरा वर्षांनी लहान माणसापुढे.

सांगमुकने पेला घेतला. ओठांपर्यंत नेला. दारूत त्याला स्वतःचं नाक दिसत होतं. तो प्याला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पुढच्या सणालाही आणि त्याच्या पुढच्या सणालाही.

त्याने पेला खाली ठेवला. “नाही,” तो म्हणाला. “तशी चाल नाही. मला तुमचं अक्षर येत नव्हतं.”

“आत्ता?” छांगसिकला कळेना.

“पहिल्यापासून.”

मग चुलीकडून ओकबुन आली, हात पुसत.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “वर्षातून तीनदा. तेहतीस वेळा वाकले मी त्या किमबाईंपुढे. थोरल्याची परीक्षा, धाकटीचा ताप, सगळं तिच्या कानावर घातलं. कोण हो ती?”

“कुणी नाही. पुस्तकातला नमुना.”

“म्हणजे माझ्या सासूबाई अकरा वर्षं उपाशी?”

“ए, तोंड आवर,” छांगसिक म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

“का आवरू? जिवंत होत्या तेव्हा मीठ कमी पडलं तरी ऐकवायच्या. आता तर ऐकवायलाही आल्या नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

दालग्यू हसला. मग त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर थिजून राहिलं. “ताई दारातच उभी राहिली असणार,” तो म्हणाला. “ती तशीच होती. नाव घेऊन बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाय टाकायची नाही.”

सांगमुकला वाटलं, त्यांनी ओरडावं. मेज उलथावं. कुणी काही केलं नाही. म्हाताऱ्याने पाण्याच्या वाटीत बोट बुडवलं आणि लाकडी जमिनीवर एक अक्षर काढायला लागला. पहिलं अक्षर मोठं होतं. डावीकडचा भाग लिहून होईपर्यंत वरचं पाणी सुकत चाललं होतं.

“डावीकडचा हा घोडा,” तो म्हणाला. “लवकर बघा, पळतोय.”

छांगसिकने कुंचला आणि कोरा कागद आणून दिला. सांगमुक जमिनीवर ओणवा झाला. आजोबांच्या ओसरीवर तो असाच ओणवा व्हायचा. एकदा उतरवलं, चुकलं. दुसऱ्यांदा शाई पसरली.

“पाय चार असतात हो घोड्याला,” दालग्यू हळूच म्हणाला. “तुमचा तीन पायांचा झालाय.”

पोरं फिसकन हसली. ओकबुनने त्यांना हाताने दाबलं. चौथ्या खेपेला कागद झाला. अक्षरं वाकडी होती, एखाद्या नव्या मुलाने पहिल्या हिवाळ्यात काढावीत तशी. म्हाताऱ्याने बोट कागदाला न लावता हवेतून चारही अक्षरांवर फिरवलं आणि मान डोलावली. जुना कागद काढून नवा लावला. सगळे वाकले. दालग्यू वाकला तो बराच वेळ उठलाच नाही.

सांगमुक आतल्या भिंतीशी उभा होता. निघून जावं तर पूजेच्या मधून जावं लागलं असतं.

सगळं झाल्यावर ओकबुनने त्याच्यासाठीही पाट मांडला. भात, सार, माशाचा मधला तुकडा. “बसा, गुरुजी,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. दुसऱ्या कुठल्या नावाने त्याला हाक मारायची, ते तिला माहीतच नव्हतं. तो बसला. चमचा हातात घेतला. भात तोंडात फिरत राहिला.

एवढ्यात कुंपणावरून शेजारच्या कुक सोकचोलचं डोकं वर आलं. गाल लाल झाले होते, सकाळपासून चालू असावी.

“काय रे छांगसिक, गुरुजींना तुम्हीच धरून ठेवलंत होय? आमच्याकडेही पाठवा! गुरुजी, काल काय कागद लिहिलात हो! बायको म्हणते, एवढं सुंदर अक्षर बघून म्हातारी तृप्त होऊन गेली असेल. आत्ताच जाळला, बघा. या, या, कोंबडी कापलीय!”

“येतील, येतील,” छांगसिक घाईने म्हणाला.

डोकं खाली गेलं. कुंपणापलीकडून भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी हसलं.

ओकबुन सांगमुकच्या समोर बसली होती. तिने आवाज अगदी खाली आणला. “त्यांच्या म्हातारीचं माहेर कुठलं हो, गुरुजी?”

मेलेल्यांच्या भातात रोवतात तसा चमचा उभा राहू नये, अशा बेताने त्याने तो वाटीच्या कडेला ठेवला. दालग्यू त्याच्याकडे बघत नव्हता. छांगसिक बघत होता. सांगमुक उठला, ओसरीच्या पायरीवर बसला, रबरी चपला पायांत चढवल्या. डावी उजव्या पायात गेली होती, ती बदलली. मग अंगण ओलांडून तो फाटकाबाहेर पडला आणि सोकचोलच्या घराकडे वळला.