कोरडा डीकन

तुर्भ्याला सिडकोच्या बैठ्या घरांमध्ये, गिरजाबाईच्या भिंतीला भिंत लावून शांतवन भालेराव राहायचा. कांद्या-बटाट्याचं मार्केट मुंबईतून वाशीला आलं तेव्हा त्याच्याबरोबर तोही आला. मापाडी होता. सहा दिवस काट्यावर गोण्या तोलायच्या आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये डीकन व्हायचं. बाप्टिस्ट लोकांचं चर्च. नाव भारदस्त, पण जागा म्हणजे मधली भिंत पाडून एक केलेले दोन गाळे.

गिरजाबाई साताऱ्याकडची. नवरा गेल्यावर लेकाकडे राहायला आली. जीभ तिची तिखट नव्हती, पण चौकस भारी. दुसऱ्याच्या घरात शिजतंय काय, यापेक्षा का शिजतंय, हे तिला जास्त छळायचं. हा डीकन म्हणजे नक्की कोण, ते तिला कळेना. पुजारी म्हणावा तर पोथी सांगत नाही. शिपाई म्हणावा तर पगार नाही.

एकदा तिने विचारलंच. "भालेराव, डीकनला काम काय असतं हो?"

"खुर्च्या मांडायच्या, आक्का. आजाऱ्याला भेटायचं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाटायचा. कोणी गेलं तर पेटीला खांदा द्यायचा."

"आणि मिळतं काय?"

"चहा. तोपण मीच करतो."

सोळा वर्षं हे चाललं होतं. बरं, चर्चचं काम चर्चपुरतं ठेवील तर तो शांतवन कसला? मार्केटमधला हमाल हारुन गोण्यांच्या थप्पीवरून पडला, पाय मोडला, तर चार महिने याने स्वतःच्या डब्यातला अर्धा डबा त्याच्या घरी पोचवला. समोरच्या नव्या सुनेचा गॅस संपला, तर आपल्या घरचा सिलिंडर खांद्यावर घेऊन देऊन आला. त्याची बायको सुवार्ता तीन आठवडे रॉकेलच्या स्टोव्हवर भाकऱ्या भाजत होती आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती, "यांना कोणाला काय हवंय ते सांगत जाऊ नका गं बायांनो. आता घरात द्यायची फक्त मीच उरलेय!"

वर्षातून एकदा दिवाळी उलटल्यावर चर्चची मंडळी मार्केटमधला टेम्पो ठरवून उरणच्या समुद्रावर जायची. बाप्तिस्म्याला. टेम्पोत जागा असली की गिरजाबाईही जायची. तिचं म्हणणं, परतताना ताजे बोंबील मिळतात. खरी गोष्ट अशी की तिला ते सगळं बघायचं असायचं.

या लोकांत लहान पोराचा बाप्तिस्मा करत नाहीत. समज आलेल्या माणसाने आपण होऊन पुढे यायचं, आणि नुसतं कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. पाळकाने, म्हणजे त्यांच्या पाद्रीने, धरून माणसाला पार पाण्याखाली न्यायचं आणि वर काढायचं. पाळक मधे उभा राहायचा आणि शांतवन कमरेएवढ्या पाण्यात. एकेकाचा हात धरून आत न्यायचा, थरथरणाऱ्याला म्हणायचा, "नाक दाबा, बाकी देवावर सोडा." बाहेर काढून अंगावर टॉवेल टाकायचा.

अठ्ठ्याण्णव साली असेच गेले. किनाऱ्यावर पुतळा नावाची कोळीण होती, दरवर्षीची ओळखीची. तिने हाकारलं, "भरती हाय, बिगीन आटपा! पानी गेला का नुसता चिखल." मग घाईने पाच जणांचा बाप्तिस्मा उरकला. सगळे वाळूवर बसून पुरी-भाजी खात होते. शांतवन पँट पिळत होता. गिरजाबाई सहज म्हणाली, "भालेराव, इतक्या जणांना तुम्ही पाण्यात नेलं. तुम्हाला कोणी बुडवलं हो?"

लोक हसले. शांतवन हसला नाही. पिळलेली पँट त्याने परत पिळली आणि म्हणाला, "चला, टेम्पोवाला थांबायचा नाही."

टेम्पोवाला तिकडे निवांत बोंबलांचा भाव करत होता.

पुढचे आठ दिवस शांतवनचा "सलाम, आक्का" ऐकू आला नाही. गिरजाबाईला चैन पडेना. शेवटी सुवार्ताच दारात आली. "तुम्ही काय विचारलंत त्यांना? जेवण नाही, झोप नाही. नुसते भिंतीकडे बघतात."

"अगं, मी विचारलं ते काय वाईट होतं?"

"वाईट नव्हतं. खरं होतं," सुवार्ता म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

मग कळलं. शांतवन नगरकडच्या खेड्यातला. तिथल्या मिशनचं चर्च वेगळं, पद्धत वेगळी. तान्हा असताना त्याच्या कपाळावर चार थेंब शिंपडले होते, तेवढंच. इकडे आला तेव्हा हे चर्च नुकतं सुरू झालेलं. पहिल्याच रविवारी हा सतरंजी झाडायला लागला. जुन्या पाळकांना वाटलं, एवढा राबणारा माणूस, झालाच असणार बाप्तिस्मा. त्यांनी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. डीकन झाल्यावर याला नियम कळला, की पाण्यातून न गेलेला माणूस इथे सभासदसुद्धा होत नाही, मग डीकन कुठला? पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू, करत सोळा वर्षं गेली. दरवर्षी कमरेपर्यंत भिजून परत यायचा.

"आता उभं राहून सांगणार म्हणतात. डीकनपद जाईल आक्का. त्यावर तर जगतात ते."

गिरजाबाईला आपल्याच जिभेचा राग आला. त्या रविवारी ती चर्चमध्ये मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. शांतवन उठला आणि काट्यावरचं वजन सांगावं तसं सरळ सांगून मोकळा झाला.

पहिले बोलले सॅमसन मास्तर. रिटायर शिक्षक, नियमाचे पक्के. "म्हणजे सोळा वर्षं कोरड्या माणसाने आम्हाला ओलं केलं?"

कोणी म्हणालं, गप्प राहिला असता तर कोणाला कळलं असतं! नवे पाळक तरुण होते, अंगाने काडी. ते म्हणाले, "भालेराव आजपासून डीकन नाहीत. आधी बाप्तिस्मा होऊ दे. मग मंडळी हात वर करून ठरवेल, पुन्हा नेमायचं की नाही."

त्या दिवशी चहा कोणीच केला नाही. कोण करतं, तेच कोणाला ठाऊक नव्हतं.

भरतीची वेळ पुतळाला विचारून पुढच्याच अमावास्येला धरून रविवार ठरला. पाण्यात मात्र पेच पडला. शांतवन म्हणजे कांद्याची भरलेली गोणी, आणि पाळक त्या गोणीची सुतळी. यांनी त्याला खाली न्यायचं आणि वर कसं आणायचं? पाळकांनी किनाऱ्याकडे पाहिलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण एरवी अशा वेळी पुढे होणारा माणूसच आज मधोमध उभा होता.

मग सॅमसन मास्तरांनी चष्मा काढून गिरजाबाईच्या हातात दिला. इस्त्रीच्या पँटसकट ते पाण्यात शिरले आणि त्यांनी शांतवनची दुसरी बाजू धरली.

"नाक दाबा," मास्तर म्हणाले.

"ठाऊक आहे, मास्तर."

"ठाऊक असून सोळा वर्षं लावलीत. दाबा!"

तो खाली गेला. पाणी मिटलं, आणि मग तिघं एकदमच वर आले, मास्तर नाकातोंडात पाणी जाऊन खोकत. शांतवनचं टक्कल धुतलेल्या बटाट्यासारखं चमकत होतं. त्याने सवयीने मास्तरांसाठी टॉवेल शोधायला सुरुवात केली.

पण नेमणूक अजून बाकी होती. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी शांतवनला बाहेर थांबायला सांगितलं. ज्याच्याविषयी ठरवायचं, त्याने आत बसायचं नाही, अशी रीत. गिरजाबाई त्यांच्यातली नव्हे, म्हणून तीही बाहेर. दोघं पायरीवर बसली.

आतून पाळकांचा आवाज आला, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावा." मग सगळं शांत.

शांतवन स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. गोण्या ओढून ओढून त्यांना घट्टे पडले होते. "नाही झालं तरी चालेल, आक्का," तो म्हणाला. "खुर्च्या मांडायला काय डीकनच लागतो का?" पण बोलताना तो एक घट्टा नखाने खरवडत होता.

हात वर केल्याचा आवाज होत नाही, ही पंचाईत गिरजाबाईला कशी सोसणार? ती उठली आणि खिडकीच्या गजांना नाक लावलं.

"बघू नका आक्का. बरं दिसत नाही."

"मी कुठे बघतेय?" म्हणत ती डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत बघून आली. मग वळली. "भालेराव, खाली असलेला हात मला तरी दिसत नाही. आणि तुमच्या त्या मास्तरांनी तर दोन्ही वर केलेत. असं चालतं का हो तुमच्यात?"

शांतवनने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. पुसले तरी वाहायचे थांबेनात.

"नाही चालत," तो म्हणाला. "एक खाली घ्यायला सांगा त्यांना."